गव्हाणीतला करडा गाळ

१

त्या शनिवारी सकाळी महादेवरावांच्या गोठ्यात तेरा जनावरं होती: चार बैल, एक म्हैस, दोन गावठी गाई, तीन गीर गाई आणि तीन वासरं. गीर गाईंपैकी एक मेलेली होती. गोठ्याच्या मधल्या खांबाला दाव्यानं बांधलेला चौदावा जीव मी मोजणीत धरला नाही. तो कचरू होता, याच गोठ्यावरचा गडी.

मी शैलजा. नागपूरला बी.एस्सी. करून जानेफळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले, त्याला अडुसष्टच्या त्या मार्चात वर्ष होत आलं होतं. महादेवरावांच्या घराची पुढची खोली माझ्याकडे भाड्यानं होती आणि खिडकीसमोरच गोठा होता.

मेलेली गाय कपिला. गुरुवारी संध्याकाळी व्याली, शुक्रवारी दुपारी बसली ती उठली नाही. मान मागे वळवून तिनं स्वतःच्या कुशीवर टेकली होती आणि तशीच ती ताठली होती. तोंडाला फेस नव्हता, नाकातून रक्त नव्हतं, मागे हगवणीचा माग नव्हता. उघड्या डोळ्यावर माश्या बसल्या होत्या. तिचं वासरू तिच्या सडाला ढुशा देत होतं आणि त्याला कुणी बाजूला करत नव्हतं. पंधरवड्यापूर्वी गोमती नावाची गीर गाय अशीच व्याली आणि अशीच गेली होती.

"काऊन बे कचऱ्या," गावचे पोलीस पाटील रंगराव म्हणाले, "ज्या घरचं खाल्लं त्याच घरच्या गाईले इख घालतं?"

"मी काऊन घालीन जी? माह्या हातानं पिळतो मी तिले."

"हाताचंच तं म्हणून राह्यलो मी."

लोक हसले. गाईचं प्रेत पायाशी असताना हसले. महादेवरावांच्या हातात चाबूक होता आणि कचरूचा ओठ फाटलेला होता. गर्दीतला एकजण पुढे येऊन थुंकला. थुंकी कचरूच्या पावलावर पडली. त्याला पाय मागे घेता येईना, कारण दावं घोट्यापर्यंत गुंडाळलेलं होतं. गाठ महादेवरावांच्या मुलानं, वैजनाथनं मारली होती. वैजनाथ बुलढाण्याला वर्षभर शेतीचं शिकून आलेला. गाठ नीटनेटकी होती.

"याच्या खोपटात हे सापडलं," रंगरावांनी कागदाची पुडी उघडून दाखवली. आत पांढरी पूड होती. "सोमल. सोमवारी ठाण्याचे साहेब येतात मेहकरले. तवर हा चावडीत."

"मी ती पूड तपासू का?" मी विचारलं.

रंगरावांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाहा ना बाई. शाळेत शिशा-बाटल्या हायेत तुमच्या. पण ते चाखून नका पाहू, नाहीतं पोरं बिना मास्तरनीची राहतीन."

पुन्हा हशा. त्यांनी चिमूटभर पूड माझ्या रुमालात टाकली. सोमवारपर्यंतचा वेळ माझा होता.

गर्दी पांगल्यावर कपिलाच्या गव्हाणीत मी हात घातला. वर कडब्याची चिपाडं होती, खाली ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडेचा, ओला चिकट थर. त्याच्याही खाली बोटांना काहीतरी कचकचीत लागलं.

२

चावडीच्या खोलीला एक खिडकी होती, गजांची. गजाबाहेर कचरूची बायको गोजरबाई भाकरी घेऊन उभी होती.

"घ्या, आता तुमीबी पाहाले आल्या," ती मला म्हणाली. "तिकीट लावा म्हनावं पाटलाले."

"गोजर, गप वं," आतून कचरू म्हणाला. मनगटं त्यानं गजांवर टेकली होती. दाव्याचा पीळ कातडीत जसाच्या तसा उमटलेला दिसत होता.

"पुडीत काय होतं, कचरूभाऊ?"

"तुरटी. सडाले चिरा पडल्या की पान्यात घालून धुतो मी."

"कपिला बसली तेव्हा काय काय झालं ते सांगा."

त्यानं मनगटं चोळली. मग म्हणाला, "आधी मागचे पाय लटपटले. मांड्यांचं मांस उडाले लागलं, माशी बसल्यावर उडते तसं, पण माशी नव्हती. मग बसली. कान धरून पाह्यले तं गारढोन, रांजनासारखे. ताप असता तं गरम नसते लागले? गोमतीचंबी तसंच."

"आणि रुखमी?" रुखमी ही तिसरी गीर गाय. ती या दोघींच्या मधे व्याली होती आणि जिवंत होती.

"ते एक दिवस झोकांड्या खात होती. बसली नाही."

"रुखमीलेबी इख घातलं असतं तं ते काऊन वाचली?" गोजरबाई मधेच म्हणाली. "इचारा ना पाटलाले. आन् आंबोन कोन घालत होतं तेबी इचारा. गाभन गीर गाईंचं आंबोन धाकले मालक सोताच्या हातानं कालवत. आमाले टोपलं शिवू देत नव्हते. साहेबी खुराक म्हने!"

मी वैजनाथबद्दलचं ते बोलणं ऐकलं आणि बाजूला ठेवलं. नवरा कोंडलेला असताना बायको दुसऱ्याकडे बोट दाखवणारच.

मी निघाले तेव्हा तिनं मागून विचारलं, "बाई, कपिलाचा खरवस तुमीबी खाल्ला असंन ना?"

खाल्ला होता. दोन वड्या, वेलदोडा घातलेल्या.

३

कौशल्याबाई, म्हणजे महादेवरावांची बायको, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. डोळे सुजलेले होते. त्यांच्या मागे फडताळात परातभर खरवस झाकलेला होता आणि झाकणाच्या कडेनं मुंग्यांची रांग आत जात होती.

"गाय म्हनजे माय हाय आमाले," त्या म्हणाल्या. "तिच्या मरनाचं पाप ज्यानं केलं त्याच्या हाताले किडे पडतीन."

"चीक किती निघाला होता कपिलाचा?"

"काय सांगू बाई! सांजी कासांडी भरली, सकाळी अजून एक भरली. मी कचरूले सांगितलं होतं, टिपूस ठेवू नको. गीर गाईचा खरवस साऱ्या गल्लीले पुरला पायजे. पंधरा घरी वाटला. रंगराव पाटलाच्या घरी तं दोनदा गेला."

"गोमतीचाही?"

"तिचाबी. आन् तेव्हाच लोकाची नजर लागली बाप्पा."

"रुखमीचा मात्र मला मिळाला नाही."

त्यांनी मान हलवली. "तव्हा सुतक होतं ना आमाले. मेहकरचे चुलतसासरे वारले. सुतकात कोन वाटते खरवस आन् कोन खाते? म्या म्हनलं, राहू दे, वासरू पिऊन घेईन. कासेले कोनी हातच लावला नाही चार दिवस."

मग त्यांनी झाकण उचललं. खरवसावर मुंग्या चढल्या होत्या. त्यांनी बोटानं त्या झटकल्या, एक वडी ताटलीत ठेवली आणि माझ्यापुढे सरकवली.

"घ्या. फेकावं तं वाटत नाही. तिचा शेवटचा हाय."

बाहेर त्याच गाईच्या मागच्या पायांना दोर बांधत होते. दोराचा करकर आवाज इथपर्यंत येत होता. मी ताटली खाली ठेवली आणि अंगणात जाऊन चुळा भरल्या.

४

रंगरावांच्या ओसरीवर चहा आला. तेही दूध मेहकरच्या हॉटेलांना घालत, आणि महादेवरावांच्या गीर गाई आल्यापासून त्यांचं दूध परत येऊ लागलं होतं. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. मी ती त्यांच्या तोंडावर बोलून दाखवली.

"अस्सं!" ते मोठ्यानं हसले. "म्हनजे म्या घातलं इख? बाई, मी त्या गोठ्यात पाय ठेवतो तं बैल हंबरतात. मले कोन जाऊ देते? पुरावा लागते याले."

"कचरूविरुद्ध काय पुरावा आहे?"

"त्याचा बाप मेलेली ढोरं ओढे. कातड्यासाठी जनावर मारनं हे रक्तात राह्यते. याले इज्ञान लागत नाही."

ते हे बोलत असताना त्यांची सून चहाचे कप उचलत होती, नात पाटीवर अक्षरं गिरवत होती, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. बोलणं इतकं रोजचं होतं.

"गोमतीचं कातडं कुठं आहे?" मी विचारलं.

"म्हनजे?"

"कातड्यासाठी मारली म्हणता. मग कातडं कुणी नेलं?"

रंगराव चहा ढवळत राहिले. उत्तर त्यांना माहीत होतं, मलाही होतं. गोमतीला महादेवरावांनी शेताच्या बांधावर पुरलं होतं, वर मीठ घालून. खड्डा कचरूनंच खणला होता. कातडं अजून गाईच्या अंगावर, मातीखाली होतं.

तिथून मी शेतात गेले. महादेवराव कपिलाच्या खड्ड्याजवळ उभे होते. नवा खड्डा दोन मजूर खणत होते. बोलायची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून मी बांधाजवळच्या झोपडीत ठेवलेल्या पोत्यांकडे बोट दाखवून सहज विचारलं, "ती पोती कसली?"

"मिरचीच्या लागवडीचं खत. मृग लागल्यावर टाकू." त्यांनी नाक मुरडलं. "हाडाचा चुरा हाय तो. मी शिवतबी नाही. घरवालीले तं सांगितलंच नाही, थे अशा खताच्या वावरातली मिरची चुलीवर ठेवनार नाही. वैजनाथच पाह्यते ते सारं."

पोती दोन होती. एक शिवलेलं होतं. दुसऱ्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं आणि ते निम्मं रिकामं होतं. मृगाला अजून दोन-अडीच महिने होते.

५

संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकटीच होते.

आधी पूड. सोमल निखाऱ्यावर टाकला की लसणासारखा वास येतो. ही पूड लोखंडी चमच्यात तापवली तर तिला आधी पाणी सुटलं, मग ती फुगून पांढऱ्या फेसासारखी वर आली. वास आला नाही. पाण्यात विरघळवून बेरियम क्लोराइड टाकलं, तर पांढरा साका बसला. तुरटी. कचरू खरं बोलला होता.

मग गाळ. कपिलाच्या गव्हाणीच्या तळातून मी मूठभर काढला होता. रुखमीच्या, आणि अजून व्यायची होती त्या चौथ्या गीर गाईच्या, चंद्रीच्याही गव्हाणीतून. बैलांच्या गव्हाणीत तसलं काही मिळालं नाही, गावठी गाईंच्याही नाही. काचेच्या भांड्यात तिन्ही नमुने पाण्यानं ढवळले. ढेप आणि भुसा वर तरंगला, तो ओतून दिला. तळाला करडे, खडबडीत कण उरले. तिन्ही भांड्यांत सारखेच.

वाळू असती तर आम्लात तशीच राहिली असती. हे कण विरत गेले. त्या द्रावात नत्राम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट टाकून कोमट केलं. पिवळाधमक साका बसला. फॉस्फेट.

उरलेले कण मी चमच्यात कोरडेच तापवले. आधी ते काळे पडले. मग वास आला. केस जळाल्यासारखा, स्मशानाकडून वारा आला की येतो तसा. मी खिडकी उघडली, चमचा बाहेर धरला, तरी तो वास पदराला चिकटून राहिला.

हाड. या घरातल्या गाभण गाईंना आंबोणातून रोज हाड खाऊ घातलं जात होतं.

पण हाड हे विष नव्हे. त्यानं गाय मरत नाही. खरं कुणी लपवलं ते मला कळलं होतं. गाई कशानं मेल्या ते अजून कळलं नव्हतं. घरी आले तर अंगणात गडबड होती. चंद्री नुकतीच व्याली होती आणि कौशल्याबाई कासांडी घासत होत्या.

६

"आज चीक काढू नका," मी म्हटलं.

"कायले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फक्त रुखमी होती. हाड तिनंही खाल्लं होतं. ती वाचली, आणि तिचाच तेवढा चीक कुणी काढला नव्हता. पण हे का, ते सांगता येईना, आणि कौशल्याबाईंनी थांबण्यासारखं मी काही बोलू शकले नाही. कचरू कोंडलेला, म्हणून धारेला वैजनाथ बसला. नुकतीच व्याल्यानं तुंबलेली कास त्याच्या हातालाही सुटली; रात्री कासांडी भरली, सकाळी पुन्हा भरली.

रविवारी दुपारी चंद्री बसली.

मी धावत गेले. मान कुशीकडे वळलेली होती. मांडीचं मांस थडथडत होतं. कान हातात घेतले, रांजणासारखे गार. बघायला निम्मं गाव जमलं. महादेवराव कपाळाला हात लावून बसले होते.

"कचरू चावडीत आहे," मी रंगरावांना म्हटलं. "कालपासून. किल्ली तुमच्या खिशात. आता?"

रंगरावांनी क्षणभरच विचार केला. "मग बायकोनं घातलं असंन."

लोकांनी माना डोलावल्या. डोलावल्या! गोजरबाई गोठ्याच्या दारात उभी होती. तिला वाट द्यायला माणसं बाजूला झाली, ती तिला शिवू नये म्हणून.

मी चंद्रीच्या थडथडणाऱ्या मांडीवर हात ठेवून बसले, आणि तेव्हा मला कॉलेजमधला बेडूक आठवला. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात टांगत. पाण्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, क्षार असेल तर ते तासन्‌तास धडधडे. क्षार काढून घेतला की मंद मंद होत थांबे. पुन्हा दोन थेंब टाकले की सुरू होई. आम्ही सहा जणी ते भांड्याभोवती माना वाकवून बघत होतो. स्नायूंना, हृदयाला, रक्तातल्या चुन्याची गरज असते. आणि चीक म्हणजे काय? कासांडी कासांडी भरून बाहेर काढलेला चुनाच.

त्याच वेळी बाहेर मोटारसायकल थांबली. मेहकरहून गुरांचे डॉक्टर नारायणराव आले होते. महादेवरावांनी काल कपिला तपासायला निरोप धाडला होता.

"गाय कुठं आहे?"

"पुरली जी."

"मला नेहमी मेल्यावरच बोलावता तुम्ही," ते वैतागून म्हणाले. मग त्यांना चंद्री दिसली.

"डॉक्टर, हिच्या रक्तातला चुना संपलाय असं मला वाटतं," मी म्हटलं.

त्यांनी कान धरले, डोळा तपासला, छातीला नळी लावली. "कुठं शिकलात हो, बाई?"

"बेडकाकडून."

ते हसले नाहीत. पिशवीतून त्यांनी कॅल्शियमची बाटली काढली, गळ्याच्या शिरेत सुई घातली आणि बाटली उंच धरली. "हळूहळू जाऊ द्यायचं. घाई केली तर हृदयच थांबेल." द्राव खाली जात राहिला. चंद्रीला मोठा ढेकर आला. थोड्या वेळानं तिनं शेण टाकलं. मग मान सरळ केली आणि नाकपुड्या चाटल्या.

बाटली संपल्यावर काही मिनिटांनी चंद्री उठली. आधी मागून, मग पुढून, डगमगत. उभी राहिली.

मग रंगराव म्हणाले, "म्हनजे इखाचा उतारा हाय तुमच्याजवळ, डॉक्टर?"

७

"हा कुठल्याच विषाचा उतारा नाही," नारायणराव म्हणाले. "हिला विष घातलेलंच नाही. पण एवढ्या तीन गाई लागोपाठ का बसाव्यात, ते मला समजत नाही. खायला काय घालत होतात?"

"ढेप, कडबा," महादेवराव म्हणाले.

मी खोलीतून काचेचं भांडं आणलं. करडा गाळ त्यांच्या पुढे धरला. वैजनाथ दाराकडे सरकला.

"वैजनाथ," मी म्हटलं, "शेतातल्या झोपडीतलं निम्मं पोतं कुठं गेलं?"

तो खाली बघत होता.

"मिरची अजून लावायची आहे. मग हाडाचा चुरा कशात टाकला?"

मला वाटलं होतं तो नाकारेल. त्यानं नाकारलं नाही. अगदी हळू आवाजात, शिकवलेला धडा म्हणावा तसा, तो म्हणाला, "दुधातून चुना जातो, बाई. आम्हाला शिकवलं होतं. गाय व्याल्यावर खंगते. म्हणून म्हटलं, आधीच भरून ठेवावा. गाभणपणी रोज ओंजळभर घातला. चांगलंच करायला गेलो मी."

"पण मग चुना तर भरपूर मिळाला की," डॉक्टर माझ्याकडे वळले. "चुना खाल्लेल्या गाईला चुन्याची टंचाई?"

हाड खाल्लेल्या गाई का मराव्यात, ही गाठ रात्रभर माझ्या डोक्यात होती. बेडूक आठवल्यावर ती सुटली होती.

"गाईचं चुन्याचं कोठार म्हणजे तिची हाडं," मी म्हटलं. "रोज बाहेरून आयता चुना येत राहिला की कोठार उघडायची गरज पडत नाही. उघडायची सवय मोडते. मग गाय व्याली. खरवसासाठी कास रिकामी केली, सकाळी परत रिकामी केली. रक्तातला चुना एकदम गेला, आणि कोठार वेळेवर उघडलं नाही. रुखमीनंही तेच खाल्लं, पण सुतक होतं. वासरू थोडं थोडं प्यालं. तिला वेळ मिळाला. गावठी गाईंना नुसता कडबा होता. त्यांना सवय होती."

नारायणरावांनी सावकाश मान हलवली. "अशा अर्थाचं अलीकडे वाचण्यात आलंय. गाभण गाईला शेवटच्या महिन्यात चुना कमीच हवा. ढेप द्या, कडबा द्या, पण हे नको. आणि व्याल्यावर दोन-तीन दिवस कास पूर्ण पिळू नका."

"हाड?" कौशल्याबाईंनी विचारलं. त्या एवढा वेळ भिंतीला धरून उभ्या होत्या. "गाईले हाड चारलं? कायचं हाड, वैजू? कोनाचं?"

कोणाचं, ते पोत्यावर लिहिलेलं नसतं.

त्या तुळशीपाशी गेल्या आणि घशात बोटं घालून ओकल्या. पाठोपाठ आणखी दोन बायका ओकल्या. ज्या पंधरा घरी खरवस गेला होता, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं भटजींना बोलवा. कुणी म्हणालं गोमूत्र शिंपडा. प्रायश्चित्त घरातल्या सगळ्यांना की फक्त वैजनाथला, यावर महादेवराव आणि रंगराव तावातावानं बोलू लागले. अर्धा तास ते बोलत होते. चावडीच्या किल्लीचं नाव कुणी काढलं नाही.

मी वैजनाथला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं.

"कचरूला बांधलं तेव्हा तू तिथंच होतास."

"आई जीव देईल असं वाटलं."

"गाठ कुणी मारली?"

"मी." मग तो म्हणाला, "तसाही सुटलाच असता तो. पुराव्याशिवाय काय करतीन पोलीस?"

त्याच्या हाताला चंद्रीच्या चिकाचा आंबूस वास येत होता. मला खरंच ओकारी आली, आणि ती हाडानं आली नव्हती.

मी रंगरावांसमोर जाऊन हात पुढे केला. "किल्ली."

"हो हो, सोडू ना. पळून जाते का कुठं तो? हे प्राचित्ताचं ठरू द्या."

"किल्ली द्या, पाटील. नाहीतर सोमवारी मेहकरला मी येते, डॉक्टरांना घेऊन. दोन दिवस कोंडून ठेवायचा हुकूम कुणाचा होता, ते साहेबांनाच विचारू."

त्यांनी किल्ली दिली. हातात नाही, ओट्यावर टाकली.

८

कुलूप गोजरबाईनं काढलं. कचरू बाहेर आला, उजेडात डोळे चोळले आणि पहिला प्रश्न विचारला, "चंद्री?"

"उठली," मी म्हटलं.

"मंग बरं झालं."

घराकडे जायची वाट गोठ्यावरूनच होती. महादेवराव दारात आले. "कचरू, झालं गेलं सोड. उद्यापासून ये. पोटचं पोर चुकलं, काय करतो?"

कचरू थांबला नाही. आतून चंद्रीनं त्याच्या पावलांचा आवाज ओळखला असावा. ती हंबरली. त्याची मान किंचित वळली, पण गोजरबाईनं त्याचं मनगट धरलं, जिथं दाव्याचा वळ होता तिथंच, आणि तो विव्हळून पुढे चालू लागला.

"मालक," ती मागे न पाहता म्हणाली, "तुमच्या घरचं दावं आता आमी हातात घेत नाही. ज्यानं बांधलं त्याले पिळाले लावा."

त्या आठवड्यातच ती दोघं संग्रामपूरकडे तिच्या भावाच्या गावी गेली. खोपटाच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती. गावानं प्रायश्चित्त केलं, जेवणावळ झाली. मला बोलावणं आलं, मी गेले नाही. सोमल घातला म्हणून कचरूच्या पावलावर जो थुंकला होता, तो पंगतीत वाढत होता, असं ऐकलं.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले होते; आता चंद्रीची पूर्ण धार काढायला हरकत नव्हती. गेल्या वेतात कचरू तिची सकाळची धार काढायचा, तेव्हा सात लिटर दूध निघे. महादेवरावांनी मला बोलावून घेतलं. गाय बरी आहे की नाही, ते विज्ञानानं मोजून सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी शाळेतलं लिटरचं काचेचं मोजपात्र नेलं.

चंद्री निरोगी होती. कान ऊबदार होते, डोळा स्वच्छ, रवंथ चालू. वासरू बाजूला बांधलेलं होतं. वैजनाथनं कास धुतली, गुडघ्यात कासांडी धरली आणि बसला. चंद्रीनं एकदा मागे वळून पाहिलं. तो बराच वेळ ओढत राहिला.

शेवटी त्यानं कासांडी माझ्याकडे दिली. मी दूध मोजपात्रात ओतलं, फेस खाली बसू दिला आणि पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरून आकडा वाचला.

सहाशे चाळीस मिलिलिटर.